प्लेगचा वक्र : मुंबईचे आकडे, एडिंबरोचे समीकरण आणि खानदेशचा तुटलेला तक्ता

१/२१
१९२७ साली एडिंबरो येथील दोन संशोधकांनी मुंबईच्या प्लेगची एक संपूर्ण साथ तीन आकड्यांत बसवली : ८९०, ०.२ आणि ३.४. त्यांतील एक संशोधक पूर्णपणे अंध होता. दुसऱ्याने उमेदीची वर्षे हिंदुस्थानात काढली होती. त्या तीन आकड्यांतून उतरलेला वक्र साथरोगांच्या गणिताच्या पुस्तकांत आजही भेटतो. तो वक्र कसा जुळवतात, आणि जुळलेल्या वक्रावर इतिहासाच्या विद्यार्थ्याने किती विश्वास ठेवावा, हा आजच्या धाग्याचा विषय. वाट मुंबईवरून जाते. पोहोचायचे आहे जळगाव-धुळ्याला.

२/२१
निमित्त माझ्याच एका चुकीचे आहे. एम.ए.च्या एका निबंधासाठी मी खानदेशातील प्लेगच्या मृत्यूंचा वर्षवार तक्ता करीत होतो. विज्ञान शाखेतला एक मित्र म्हणाला, "आकडे बेरजेत मांडत जा, एस-आकार दिसेल. वक्र आपण संगणकावर बसवू." वक्र बसला. इतका सुरेख बसला, की त्याखाली मी एक ठाम वाक्य लिहून टाकले : 'अमुक वर्षानंतर साथीचा जोर ओसरला.' ते वाक्य चुकीचे होते. का चुकीचे, हे कळण्यासाठी आधी वक्र समजून घेऊ.

३/२१
एस-आकार म्हणजे काय? आपल्याकडे पेरणीपूर्वी शेतकरी शंभर सरक्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवल्या ते मोजतो. आरंभी काहीच दिसत नाही. मग एखाद-दुसरी फुटते, मग एकदम पुष्कळ, आणि शेवटी राहिलेल्या काही केल्या फुटत नाहीत. रोजची एकूण बेरीज आलेखावर मांडली, तर रेषा आधी सपाट, मग उभी, मग पुन्हा सपाट होते. इंग्रजी 'एस'ची उपमा नको असेल, तर आपला अवग्रह (ऽ) डोळ्यांपुढे आणावा आणि तो दोन्ही टोकांना धरून आडवा ताणावा.

४/२१
या आकाराला सूत्र दिले बेल्जियमच्या पिएर फ्रान्स्वा व्हरहल्स्ट यांनी, १८३८ साली. लोकसंख्या दामदुपटीने अखंड वाढत राहील, हे त्यांना पटत नव्हते. जागा आणि अन्न संपत जाते तसा वाढीचा वेग मंदावतो, असे धरून त्यांनी समीकरण मांडले आणि पुढे १८४५ मध्ये त्याला 'लॉजिस्टिक' हे नाव दिले. या वक्राला तीन प्राचले लागतात : वाढीची कमाल मर्यादा, ती अर्धी गाठली जाते तो क्षण, आणि वाढीचा दर. ही तीन कळली, की संपूर्ण वक्र हाती येतो.

५/२१
हिंदुस्थानशी या वक्राचा संबंध प्लेगच्या समीकरणाआधीच आला. अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक (१८७६–१९४३) हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. १९०१ मध्ये ते रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर हिवतापाच्या मोहिमेवर सिएरा लिओनला गेले होते. पुढे कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालक झाले. १९११ साली त्यांनी एम. केशव पै यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंची संख्या वेळोवेळी मोजायची आणि त्या मोजणीला नेमके हेच मर्यादेचे सूत्र लावायचे, असा तो प्रयोग होता. एस-आकाराच्या प्रायोगिक आकड्यांना वक्र जुळवण्याच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना व्हावी, आणि त्यावर एक भारतीय नाव आहे.

६/२१
आता मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रियल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, जप्त होणारे सामान यांनी लोक हवालदिल झाले. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. मात्र हा सगळा काळ सरकार ज्या रोगाशी झुंजत होते, तो पसरतो कसा, हे सरकारला निश्चित ठाऊक नव्हते.

७/२१
१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों यांनी उंदरावरील पिसू रोग वाहून नेते असे प्रयोगाने दाखवले; त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून नव्या प्लेग आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत पुन्हा काम सुरू केले. प्लेगने ग्रासलेल्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले गेले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातील प्राणी आजारी पडले. पिसूच्या उडीच्या पल्ल्यापलीकडे टांगलेले बचावले. हवा दोघांनाही एकच होती. फरक केवळ पिसूचा होता. हा टांगलेला पिंजरा कृपया लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडेल.

८/२१
याच आयोगाने मुंबईतील उंदरांचाही हिशेब ठेवला. आधी गटारांतील मोठे तपकिरी उंदीर मरत, मग घरांतील काळे उंदीर, आणि त्यांच्या मागोमाग माणसे. अशा रीतीने १९०५-०६ च्या हंगामातील मुंबईच्या प्लेगची तपशीलवार नोंद तयार झाली. त्यांतील १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या सुमारे ३१ आठवड्यांचे साप्ताहिक मृत्यू पुढे एडिंबरोच्या टेबलावर पोहोचले.

९/२१
प्रकृती बिघडल्यामुळे मॅकेंड्रिक १९२० मध्ये स्कॉटलंडला परतले आणि एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. तेथे विल्यम ऑगिल्वी कर्मॅक (१८९८–१९७०) हे तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करीत. जून १९२४ मध्ये प्रयोग करताना स्फोट झाला, दाहक द्रव डोळ्यांत गेला आणि कर्मॅक यांची दृष्टी कायमची गेली. वय होते २६. त्यानंतर तीनच वर्षांनी दोघांचा साथरोगांच्या गणितावरील सुप्रसिद्ध निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापून आला. त्यातील मुंबईचा आलेख कर्मॅक यांनी स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिला नाही.

१०/२१
त्यांचे सूत्र असे :
आठवड्यातील मृत्यू = ८९० × सेच² (०.२ × आठवडा − ३.४)
'सेच' हे त्रिकोणमितीतील फलांचे एक दूरचे भावंड आहे. घाबरण्याचे कारण नाही. त्याचा वर्ग घंटेसारखा आकार देतो एवढे पुरे. कंसातील संख्या शून्य होते तेव्हा घंटेचे शिखर येते : ३.४ ÷ ०.२ = १७. म्हणजे सतराव्या आठवड्याअखेर, १५ एप्रिल १९०६ च्या सुमारास, आठवड्याला ८९० मृत्यू. हाच आकार आठवड्यामागून आठवडा बेरजेत मांडत गेलो, की व्हरहल्स्टचा एस-आकार मिळतो. त्याची कमाल मर्यादा येते ८,९०० मृत्यू, आणि वाढीचा दर आठवड्याला ०.४, म्हणजे आरंभी दर बारा दिवसांनी बेरीज दुप्पट.

११/२१
संगणक नसताना असा वक्र कसा जुळवीत? हाताने करण्याची एक जुनी रीत आलेखाच्या कागदावर कोणालाही करता येईल. कमाल मर्यादा अंदाजाने धरा. प्रत्येक वेळी 'झालेले' भागिले 'राहिलेले' असे गुणोत्तर काढा. वरील सूत्रातून बाराव्या आठवड्याला १,०६१ झाले आणि ७,८३९ राहिले : गुणोत्तर ०.१३५. सतराव्याला निम्मे-निम्मे : १. बाविसाव्याला ७.३९. दर पाच आठवड्यांनी गुणोत्तर ७.३९ पटीने वाढते. म्हणून त्याचा लॉगॅरिदम काढला, की वाकडा वक्र सरळ रेषा होतो. रेषेचा चढ म्हणजे दर. ती शून्य ओलांडते तो क्षण म्हणजे मध्य.

१२/२१
आज हेच काम संगणक करतो. आपण सूत्र देतो आणि प्राचलांचे आरंभीचे अंदाज देतो. संगणक प्रत्येक आकड्याचे वक्रापासूनचे अंतर मोजतो, अंतरांचे वर्ग करून बेरीज घेतो, प्राचले किंचित हलवतो, पुन्हा मोजतो आणि बेरीज कमीत कमी होईपर्यंत थांबत नाही. लघुतम वर्गांची मूळ कल्पना लजाँद्र यांनी १८०५ मध्ये छापली. वाकड्या सूत्रांसाठीची प्रचलित रीत लेव्हनबर्ग (१९४४) आणि मार्क्वार्ट (१९६३) यांच्या नावाने ओळखली जाते. आरंभीचा अंदाज मात्र आलेख बघून माणसानेच द्यावा लागतो. तो भलताच दिला, तर यंत्र भलत्याच ठिकाणी मुक्काम करते.

१३/२१
येथून खाचखळगे सुरू होतात. पहिला खळगा मर्यादेचा. समजा आपण फेब्रुवारी १९०६ अखेर मुंबईत आहोत आणि हाती दहा आठवड्यांचेच आकडे आहेत. मर्यादेचे सूत्र त्या वेळी ५१० मृत्यू सांगते. मर्यादा नसलेली अखंड वाढ ५४१ सांगते. दोन्हींतील फरक नोंदीच्या चुकांत हरवून जाईल. पण पुढे पाहा. बाविसाव्या आठवड्याला पहिले सूत्र ७,८३९ म्हणते, दुसरे सुमारे ६५,८००. अठ्ठाविसाव्याला पहिले ८,८०० च्या आत, तर दुसरे सव्वासात लाखांच्या घरात! १९०१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्तीच ७,७६,००६ होती.

१४/२१
तात्पर्य, वक्राचे वळण डोळ्यांना दिसण्यापूर्वी त्याची मर्यादा सांगणे म्हणजे मोहोर पाहून आंबे मोजणे. अमेरिकेत रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी १९२० मध्ये हेच सूत्र आपल्या देशाच्या लोकसंख्येला लावले आणि कमाल मर्यादा सुमारे १९.७ कोटी काढली. जुन्या जनगणनांशी वक्र उत्तम जुळत होता. १९७० च्या जनगणनेत अमेरिका वीस कोटींच्या पलीकडे गेलेली होती. मागच्या आकड्यांशी जुळणे आणि पुढचे खरे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१५/२१
दुसरा खळगा अधिक खोल आहे. ०.४ हा वाढीचा दर स्थूलमानाने एक वजाबाकी आहे : नव्याने लागण होण्याचा दर वजा रोगी मरण्याचा अथवा बरा होण्याचा दर. दुकानाची शिल्लक ४० रुपये आहे एवढेच कळले, तर उत्पन्न १४० आणि खर्च १०० होता, की उत्पन्न ४४० आणि खर्च ४०० होता? शिल्लक सांगू शकत नाही. तसेच रोग मंदगतीने लागून रेंगाळणारा असो, वा झपाट्याने लागून झपाट्याने संपणारा असो, वक्र तोच येऊ शकतो. तीन आकड्यांतून तीनच गोष्टी निघतात. कारणे त्याहून अधिक आहेत.

१६/२१
कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांना हे पुरते ठाऊक होते. त्यांनी निबंधातच आपली गृहीतके मांडली : माणसांतील प्लेग हा उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे; सर्व उंदीर सारखेच रोगप्रवण आहेत; बेटावरील प्रत्येक उंदराला लागणीची सारखीच शक्यता आहे; रोगाचे दर सर्वकाळ स्थिर आहेत; प्रत्येक उंदीर एकतर मरतो किंवा रोगप्रतिकारक्षम होतो; आणि पिसवा अमाप आहेत. यांतील एकही अट काटेकोरपणे पुरी होत नाही, हेही त्यांनी लिहिले आणि या आकड्यांवरून रोगाच्या दरांविषयी निष्कर्ष काढू नयेत असे बजावले. पुढील काळात आलेख पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला. इशारा मात्र बहुधा मूळ निबंधातच राहून गेला.

१७/२१
स्थिर दरांचे गृहीतक तर मुंबईच्या हवेपुढेच टिकत नाही. प्रतिमान सांगते की साथ उतरली, कारण लागण होण्याजोगे उंदीर संपत आले. पण मुंबईत प्लेग वर्षानुवर्षे त्याच हिवाळा-उन्हाळ्याच्या महिन्यांत चढत आणि त्याच सुमारास उतरत राहिला. पुण्याकडे आणि दख्खनच्या पठारावर त्याचा हंगाम पुष्कळदा पावसाळ्याच्या उत्तरार्धात येई. म्हणजे चढउतारामागे पिसवांचे ऋतुमान होते. २०१२ मध्ये फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी ही बाब गणितानेच पुन्हा मांडली. वक्र जुळला होता. त्याने सुचवलेले कारण अपुरे होते. खरे कारण सिद्ध केले ते त्या टांगलेल्या पिंजऱ्याने.

१८/२१
आता खानदेश. मुंबई हे एक बेट, दाटीचे, सलग. खानदेश म्हणजे तापी-गिरणा-पांझरेच्या खोऱ्यांत विखुरलेली गावे. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन, जळगाव मुख्य मार्गावर. धुळ्याला चाळीसगावहून फाटा आला तो १९०० मध्ये. धान्याची पोती आणि कापसाचे गठ्ठे जिकडे जातील तिकडे उंदीर-पिसवांनाही वाट मिळे. शिवाय 'उंदीर पडू लागले' की गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहायचे, हे महाराष्ट्रभरच्या खेड्यांना कळलेले शहाणपण होते. प्रत्येक गावाची साथ वेगळ्या आठवड्यात सुरू होणार आणि गाव उठले की थांबणार. अशा शेकडो छोट्या वक्रांची बेरीज केली, तर एक लांबट, संथ एस-आकार मिळेल. तो जिल्ह्याचा म्हणून छान दिसेल, पण एकाही गावाचा नसेल.

१९/२१
आणि आता माझी चूक. १९०६ मध्ये सरकारने खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे केले : पूर्व खानदेश, मुख्यालय जळगाव, पश्चिम खानदेश, मुख्यालय धुळे. १९०१ च्या शिरगणतीनुसार संपूर्ण खानदेशची वस्ती १४,२७,३८२. त्यातून पूर्वेला ९,५७,७२८ गेली, पश्चिमेला ४,६९,६५४. मी १९०६ पर्यंत 'खानदेश'चा रकाना घेतला आणि पुढे जळगावचाच उतरवत गेलो. धुळे माझ्या तक्त्यातून नाहीसे झाले. बेरजेचा वक्र कधी खाली येत नाही. वाढ मंदावली की तो वरच्या अंगाला वळतो. माझ्या आलेखात जे सुंदर वळण आले होते, त्याला प्लेगच्या ओसरण्याइतकीच, कदाचित अधिकही, ती प्रशासकीय रेघ कारणीभूत होती. संगणकाला रेघ दिसत नाही. त्याने वक्र बसवला आणि मी त्याला इतिहास म्हटले. धुळ्याचा रकाना परत जोडल्यावर ते वाक्य मी खोडले.

२०/२१
रकाना जोडूनही एक उणीव उरतेच. जळगावजवळच्या आसोद्याच्या लेकी बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आपल्याला कवितेमुळे ठाऊक आहेत. त्यांच्या चरित्रात येते, की त्यांचा मुलगा ओंकार याला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. तो वाचला, म्हणून मृत्यूंच्या कोणत्याही वक्रात तो नाही. एडिंबरोच्या निबंधात बहुसंख्य रोगी दगावतात म्हणून मृत्यू म्हणजेच रोगी असे धरले आहे, आणि गणितापुरते ते चालते. पण जगलेल्या मुलाला सांभाळणाऱ्या घराचे काय झाले, हा प्रश्न गणिताच्या बाहेरचा आणि आपल्या विषयाच्या अगदी आतला आहे. झोपडीत लपवलेले रोगी आणि नोंद न झालेले मृत्यू यांचेही तसेच.

२१/२१
मग वक्र टाकून द्यावा का? मुळीच नाही. वक्र आपल्याला नेमका प्रश्न विचारायला शिकवतो : वळण येथेच का आले? फक्त चार पथ्ये पाळू या. बेरीज जुळवण्यापूर्वी आठवड्याचे किंवा वर्षाचे सुटे आकडे आलेखावर मांडून पाहावेत. रकान्याची हद्द प्रत्येक वर्षी तीच आहे का, हे तपासावे. वळण दिसण्यापूर्वी मर्यादा सांगू नये. आणि 'जुळले' या शब्दाच्या पुढे 'म्हणून' हा शब्द लिहिताना हात आवरावा.

ज्यांनी आयुष्यभर मूळ कागद आधी आणि निष्कर्ष नंतर असा आग्रह धरला, ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात १९२७ मध्ये उभे राहिले. एडिंबरोचा निबंधही त्याच वर्षीचा. मला दोन्ही हवे आहेत : निबंधाचे समीकरण आणि मंडळाचे दप्तर.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या वाचकांना एक विनंती. घरात जुनी वही, पत्र, जमाखर्च असेल आणि त्यात 'गाव उठले', 'झोपडीत राहिलो', 'उंदीर पडले' अशी एखादी ओळ असेल, तर गावाचे नाव आणि साल खाली लिहा. व्यक्तीचे नाव नको. एका गावाचा एक खरा आठवडा माझ्या त्या सुबक वक्रापेक्षा मोलाचा आहे.

धागा समाप्त.